‘कुठपर्यंत आलं?’ हा प्रश्न बंद करण्यासाठी

२००८ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या लेझरजेट विभागात फर्मवेअर लिहिणारे सुमारे चारशे इंजिनिअर होते. अमेरिका, ब्राझील आणि भारत अशा तीन देशांत ते विखुरलेले होते. प्रिंटरने कागद कसा ओढायचा, स्कॅन कसं करायचं, नेटवर्कवरून आलेला हुकूम कसा पाळायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. नवी मॉडेल्स बाजारात यायला अनेक वर्षं याच कामामुळे अडत होती. विभागाने आपल्या वेळेचा हिशेब मांडला, तेव्हा नियोजनात २० टक्के वेळ जात असल्याचं दिसलं. एका मॉडेलचा कोड दुसऱ्या मॉडेलमध्ये बसवण्यात २५ टक्के, बाजारात गेलेल्या प्रिंटरच्या अडचणी सोडवण्यात आणखी २५, हाताने टेस्टिंग करण्यात १५ आणि सगळ्यांचा कोड एकत्र जुळवण्यात १० टक्के वेळ खर्च होत होता. नवं काही घडवायला उरत होते फक्त ५ टक्के.

तीन वर्षांनी हाच आकडा ४० टक्क्यांवर पोहोचला. विकासाचा एकूण खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला आणि एकाच वेळी हाती असलेल्या प्रकल्पांची संख्या १४० टक्क्यांनी वाढली. या बदलाचं नेतृत्व करणाऱ्यांपैकी गॅरी ग्रुव्हर यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा कोड ठेवण्याची पद्धत बंद करून सगळ्यांचा कोड एका मुख्य धाग्यावर आणला गेला. प्रिंटरची नक्कल करणारे सिम्युलेटर तयार झाले, त्यामुळे टेस्टिंगसाठी प्रत्यक्ष यंत्र मोकळं होण्याची वाट पाहावी लागेना. कुणीही कोड जमा केला की टेस्ट आपोआप सुरू होत, आणि त्यात दोष निघाला तर तो बदल आपोआप मागे घेतला जाई. पूर्ण फेरतपासणीला पूर्वी सहा आठवडे लागत, ती एका दिवसात होऊ लागली.

प्रकल्प व्यवस्थापनाचं ऑटोमेशन करू पाहणाऱ्या कुठल्याही कंपनीने, मग ती हिंजवडीतली असो वा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातली, या कहाणीतला एक तपशील नीट पाहायला हवा. ह्यूलेट-पॅकार्डने सुरुवात टूल विकत घेऊन केली नाही. वेळ कुठे जातो हे आधी मोजलं. उत्पादन विकासात वेळ दोन ठिकाणी सर्वाधिक वाया जातो. एका माणसाच्या हातून सुटलेलं काम दुसऱ्याच्या हातात पडेपर्यंत पडून राहतं, आणि ते नेमकं कुठे पडलं आहे हे शोधण्यात बाकीच्यांचा दिवस जातो. ऑटोमेशनचा खरा उपयोग या दोन जागांवर आहे. डिझाइनरने डिझाइन लवकर करावं किंवा प्रोग्रामरने जास्त ओळी लिहाव्यात यासाठी ते नाही.

शोधण्याचा हा भार टीम वाढली की किती झपाट्याने वाढतो, याचं गणित फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये मांडलं. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. पाच जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या संवादाच्या जोड्या दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस आणि वीस जणांत एकशे नव्वद. वीस जणांच्या टीममध्ये मॅनेजरचा अर्धा दिवस ‘कुठपर्यंत आलं?’ विचारण्यात जातो तो यामुळे. उत्तर देणाऱ्याचंही काम दर वेळी तुटतं, आणि तेवढ्यापुरतं दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत शिळं होतं.

तेव्हा पहिलं पाऊल मोजमापाचं. गेल्या काही महिन्यांत पूर्ण झालेली वीसेक कामं निवडावीत आणि साध्या एक्सेल शीटवर प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: काम कधी सुरू झालं, कधी संपलं आणि त्यातले किती दिवस कुणाचा तरी हात त्यावर प्रत्यक्ष फिरत होता. वाट पाहण्यात गेलेले दिवस बहुतेक ठिकाणी कामाच्या दिवसांपेक्षा जास्त निघतात. मग ती वाट कशाची होती हे शोधावं. कुठे मंजुरीची सही अडलेली असते, कुठे पर्चेसकडून पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघालेली नसते, कुठे टेस्टिंगचं यंत्र दुसऱ्या कामात गुंतलेलं असतं, तर कुठे काम आपल्याकडे आलं आहे हेच पुढच्या माणसाला ठाऊक नसतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात स्वस्तात सुटतो, म्हणून ऑटोमेशनची सुरुवात तिथून करावी.

याच शीटवरून आणखी एक हिशेब मिळतो. ऑपरेशन्स रिसर्चचे अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला नियम साध्या भागाकाराचा आहे: एखादं काम सरासरी किती काळ प्रवाहात राहतं, ते काढायचं तर हाती घेतलेल्या एकूण कामांना ठरावीक काळात पूर्ण होणाऱ्या कामांनी भागावं. तीस कामं सुरू आहेत आणि आठवड्याला पाच संपतात, तर आज सुरू केलेलं काम बाहेर पडायला सरासरी सहा आठवडे लागणार. पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून सुरू असलेली कामं पंधरावर आणली की तीन आठवडे. इथे कुणीही जास्त वेगाने काम केलेलं नाही. कामांचा माग ठेवणाऱ्या जिरा, ट्रेलोसारख्या टूलमध्ये प्रत्येक टप्प्यावर किती कामं असावीत याची मर्यादा घालता येते किंवा मर्यादा ओलांडली की इशारा देता येतो. नवं टूल घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ही मर्यादा लावावी आणि ती ओलांडायची असेल तर कारण लिहिणं बंधनकारक करावं. ज्या टीमने एवढं एकच केलं, तिलाही फरक दिसतो.

आता प्रश्न माहितीचा. प्रकल्पाचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर मांडणं ही काही आजची गोष्ट नाही. ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड यांनी १९५७च्या सुमारास क्रिटिकल पाथची पद्धत तयार केली ती कॉम्प्युटर समोर ठेवूनच. त्याच सुमारास अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही पद्धत आणली. कुठलं काम लांबलं तर अख्खा प्रकल्प लांबेल, हे गणित यंत्र तेव्हापासून करत आलं आहे. अडत होतं ते दुसरीकडे. आज काम प्रत्यक्षात कुठे आहे ही माहिती माणसाने हाताने भरायची, आणि माणूस ती उशिरा भरतो किंवा समोरच्याला बरं वाटेल अशी भरतो. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याभराचं स्टेटस आठवून आठवून भरणारी टीम ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

यावर इलाज असा की कामाची नोंद कामातूनच उमटावी. सॉफ्टवेअरच्या टीमला हे तुलनेने सोपं आहे. कोडच्या शाखेच्या नावात आणि कोड जमा करतानाच्या संदेशात टिकेटचा, म्हणजे टूलमधल्या त्या कामाच्या नोंदीचा, क्रमांक लिहिण्याची शिस्त लावली की गिटहब, गिटलॅब किंवा जिरा पुढचं सगळं पाहतं. कोडची शाखा उघडली की टिकेट ‘सुरू’मध्ये जातं, रिव्ह्यूची विनंती गेली की ‘रिव्ह्यू’मध्ये, मुख्य कोडमध्ये मिसळलं की ‘टेस्टिंग’मध्ये. प्रोग्रामरला जिरा उघडावंच लागत नाही. अट एकच, की क्रमांक नसलेला कोड यंत्राने स्वीकारू नये. ही अट सैल ठेवली तर महिन्याभरात निम्म्या नोंदी अधांतरी राहतात.

यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या भोसरी-चाकणच्या कारखान्यात हेच तत्त्व वेगळ्या साधनांनी चालतं. जॉबबरोबर फिरणाऱ्या रूट कार्डवर क्यूआर कोड छापावा. ऑपरेटरने काम हाती घेताना आणि सोडताना तो मोबाइलने स्कॅन करावा. नव्या भागाचा पहिला नमुना व्हेंडरकडून आला आणि स्टोअरने आवक नोंदवली की त्याच क्षणी क्यूसीच्या यादीत तपासणीचं काम तयार व्हावं, सोबत ड्रॉइंगची चालू रिव्हिजन जोडलेली असावी. नाहीतर नमुना स्टोअरच्या रॅकवर पडून राहतो आणि डिझाइनवाले व्हेंडरला फोन करत बसतात. यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असं नाही. गुगल फॉर्म, त्याला जोडलेली शीट आणि थोडी ॲप्स स्क्रिप्ट एवढ्यावर लहान कारखान्याचं काम सुरू होऊ शकतं.

ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा मुद्दा किरकोळ नाही. एअरबसच्या ए३८० या विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या वायरी असतात. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेले विमानाचे भाग २००६च्या सुमारास तुलूझमध्ये जोडायला घेतले तेव्हा अनेक ठिकाणी केबल लांबीला अपुऱ्या पडू लागल्या. जर्मनीतला डिझाइन विभाग कॅटिया या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होता आणि फ्रान्समधला पाचवी. एका बाजूने केलेला बदल दुसऱ्या बाजूच्या त्रिमितीय चित्रात नीट उतरत नव्हता. विमानाचं वेळापत्रक जवळजवळ दोन वर्षांनी लांबलं. दोन्हीकडे कुशल माणसं होती, दोन्हीकडे कॉम्प्युटर होते. म्हणून कुठलाही नियम यंत्राला शिकवण्यापूर्वी कंपनीने हे ठरवावं की ड्रॉइंगची खरी प्रत कुठली, सुट्या भागांची खरी यादी कुठली, तारखेची खरी नोंद कुठली. प्रत्येकाची जागा एकच असावी आणि बाकी सगळ्यांनी तिथून वाचावं. मेलला जोडलेलं पीडीएफ आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो या दोन वाटा बंद केल्याशिवाय हे होत नाही, आणि त्या बंद करताना विरोध होतो. तो सोसावा लागतो.

एवढी पायाभरणी झाली की नियम लिहायला घ्यावेत. जिरा, ट्रेलो, आसना, मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट या सगळ्यांत नियमांची घडण जवळपास सारखी आहे: अमुक घटना घडली, तमुक अट पूर्ण होत असली, तर ही कृती कर. कोड न लिहिताही हे नियम मांडता येतात. मोह होतो तो पहिल्याच दिवशी पन्नास नियम लिहिण्याचा. सुरुवात हस्तांतरणाच्या नियमापासून करावी. डिझाइनरने ड्रॉइंग ‘तयार’ म्हणून ठेवलं की तपासणाऱ्याचं नाव आपोआप लागावं, मुदतीची तारीख पडावी, आणि तो रजेवर असेल तर काम नेमून दिलेल्या दुसऱ्याकडे जावं. रजेची ही सोय बहुतेक ठिकाणी विसरली जाते. दिवाळीच्या किंवा गणपतीच्या आठवड्यात मंजुऱ्या तुंबतात त्या यामुळेच, आणि एका तुंबलेल्या मंजुरीमागे साचा बनवणाऱ्या टूलरूमपासून ट्रायल लॉटपर्यंत सगळी रांग थांबते.

त्यानंतर थांबलेल्या कामाचा नियम. एखादं काम एकाच टप्प्यावर ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिलं की आधी ते ज्याच्याकडे आहे त्याला कळावं, आणि दुसऱ्या दिवशीही हललं नाही तर टीम लीडरला. क्रम महत्त्वाचा आहे. थेट साहेबांना मेल गेला तर लोक काम पुढे सरकवण्याऐवजी टप्पा बदलून मोकळे होतात. आणखी एक नियम अवलंबून असलेल्या कामांचा: मोल्डची तारीख चार दिवस पुढे गेली तर ट्रायल, पॅकेजिंग आणि पहिली रवानगी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी कळावं. पुढच्या सोमवारच्या मीटिंगपर्यंत थांबावं लागू नये.

सूचना पाठवणं यंत्राला फार सोपं असतं आणि धोकाही तिथेच आहे. न्यूयॉर्क शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी नवं सॉफ्टवेअर सुरू केलं. ते आठ सर्व्हरवर चढवायचं होतं. तंत्रज्ञाने सात सर्व्हरवर चढवलं, एक राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासावं असा लेखी नियम नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३पासून वापरात नसलेला जुना कोड शिल्लक होता, आणि नव्या सॉफ्टवेअरने वापरलेल्या खुणेमुळे तो जागा झाला. बाजार उघडताच त्याने ऑर्डरींचा सपाटा लावला. साधारण ४५ मिनिटांत १५४ शेअरमध्ये चाळीस लाख व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या आदेशात यातला सगळ्यात बोलका तपशील आहे. बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ आपोआप मेल पाठवले होते आणि त्यांत ‘पॉवर पेग’संबंधीच्या चुकीचा उल्लेख होता. ते मेल इशारा म्हणून तयार केलेले नव्हते आणि कर्मचारी ते सहसा वाचतही नसत. गोंधळ सुरू झाल्यावर घाईने जो उपाय केला त्यात बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरून नवं सॉफ्टवेअर काढून टाकलं गेलं, तिथेही जुना कोड जागा झाला आणि संकट वाढलं.

एकाच सकाळी दोन बाजूंनी धडा मिळतो. आठ ठिकाणी तीच कृती हाताने करायची असेल तर ती यंत्राकडेच द्यावी. जेनकिन्स, गिटलॅब, गिटहब ॲक्शन्स ही साधनं त्यासाठीच आहेत, आणि आठही ठिकाणी एकच आवृत्ती आहे याची पडताळणीदेखील त्यांनीच करावी. दुसरी बाजू सूचनांची. ज्या सूचनेनंतर कुणी काही करायचं नसतं ती पाठवूच नये. प्रत्येक सूचनेसमोर एका माणसाचं नाव आणि त्याने करायची कृती लिहिता आली पाहिजे. ती लिहिता येत नसेल तर ती माहिती डॅशबोर्डवर ठेवावी, ज्याला हवी तो पाहील. नवा नियम सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी किती सूचनांवर प्रत्यक्ष कृती झाली ते मोजावं, आणि निम्म्याहून अधिक नुसत्या वाचून सोडल्या गेल्या असतील तर नियम बदलावा.

काही चुकांसाठी सूचना पुरेशी नसते, काम थांबवावं लागतं. साकिची टोयोदा यांनी १९२४मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागाची ख्याती यासाठी आहे की धागा तुटताच माग स्वतःहून थांबे, खराब कापड पुढे विणलं जात नसे. टोयोटाच्या मोटार कारखान्यात हीच कल्पना दोरीच्या रूपाने आली: कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो आणि तेवढ्यात दोष सुटला नाही तर लाइन थांबते. उत्पादन विकासात अशा जागा मोजक्या असतात, पण त्या आधीच ठरवाव्या लागतात. टेस्ट नापास झालेला कोड मुख्य धाग्यात जाऊच नये. जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर पीओ निघूच नये. सुरक्षेच्या तपासणीचा अहवाल जोडलेला नसेल तर ‘रिलीज’चं बटण चालूच होऊ नये. या दोन-चार जागी यंत्राला नकाराधिकार द्यावा, आणि तो डावलण्याचा अधिकार कुणाला आहे ते नावानिशी लिहून ठेवावं.

यंत्राकडे काय देऊ नये, हेही तितकंच स्पष्ट असावं. कुठलं वैशिष्ट्य आधी बनवायचं, कुठला ग्राहक थांबवायचा, डगमगत असलेला प्रकल्प बंद करायचा की नाही, हे निर्णय माणसांनी समोरासमोर बसून घ्यायचे. ह्यूलेट-पॅकार्डने नियोजनाचा वेळ २० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला तो बारीकसारीक अंदाज आधीच बांधत बसणं सोडून. ज्या कामाची गरजच नाही ते वेगाने करून घेण्यात पैसे घालू नयेत. कामं ‘पूर्ण’ म्हणून बंद करणंही यंत्रावर सोपवू नये. बराच काळ न हललेली टिकेटं आपोआप बंद करणारा नियम अनेक टीम लावतात. त्याने यादी स्वच्छ दिसते, पण ग्राहकाची तक्रार मात्र तशीच राहते.

आणि माणसं मोजण्याचा मोह टाळावा. आपोआप जमा होणाऱ्या नोंदींतून कुणी किती टिकेटं संपवली याची क्रमवारी लावणं अगदी सोपं असतं. ती लावली की दुसऱ्या आठवड्यापासून लोक मोठी कामं तोडून दहा छोटी टिकेटं करतात, अवघड दोष कुणी हाती घेत नाही आणि सहकाऱ्याला मदत करण्यात वेळ घालवायला कुणी धजावत नाही. नोंदींवरचा विश्वास एकदा उडाला की त्या पुन्हा खऱ्या होत नाहीत. मोजावं ते अख्ख्या प्रवाहाला. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सॉफ्टवेअर टीमसाठी चार मोजमापं सुचवली आहेत: बदल किती वेळा वापरकर्त्यांपर्यंत जातो, कोड लिहिल्यापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, त्यातले किती बदल बिघाड घडवतात आणि बिघाड झाला तर सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ जातो. पहिली दोन वेगाची, उरलेली दोन भरवशाची. चारही एकत्र पाहिली तर वेगासाठी गुणवत्ता विकली जाते आहे का ते लगेच कळतं. सुटे भाग बनवणाऱ्यांना यात फारसा फेरफार लागत नाही. ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून ग्राहकाने नमुना स्वीकारेपर्यंतचे दिवस आणि पहिल्याच फेरीत पास झालेल्या नमुन्यांचं प्रमाण, एवढ्या दोन आकड्यांवर सुरुवात करता येते.

शेवटी नियमांच्या देखभालीचं. प्रत्येक नियमाला एक मालक असावा आणि नियमांची यादी सगळ्यांना दिसेल अशा जागी असावी: नियम काय करतो, का लिहिला, कुणी लिहिला. दर तिमाहीला ही यादी काढून बसावं आणि गेल्या तीन महिन्यांत एकदाही न चाललेले नियम तपासावेत. काहींची गरज संपलेली असते, काही मात्र बिघडलेले असतात. बिघाडाचं एक कारण इतकं सामान्य आहे की ते आधीच टाळावं. उत्साही इंजिनिअर आपल्या स्वतःच्या खात्यावरून नियम तयार करतो, गुगलच्या ॲप्स स्क्रिप्टमधले ट्रिगर तर ज्याने लावले त्याच्याच खात्याच्या परवानगीने चालतात. तो नोकरी सोडतो, आयटी विभाग त्याचं खातं बंद करतो आणि नियम कुठलाही आवाज न करता थांबतात. म्हणून सगळे नियम कंपनीच्या सामायिक खात्यावर ठेवावेत, त्या खात्याचा पासवर्ड किमान दोघांकडे असावा, आणि कर्मचारी सोडून जाताना लॅपटॉप व ओळखपत्र परत घेण्याच्या यादीत ‘त्याच्या नावावरचे नियम’ ही एक ओळ वाढवावी.